जावळ, पिक्सेल आणि 'खरं उत्तर'

खिडकीजवळ चादर टांगायची, समोर दीड-दोन वर्षांचं मूल बसवायचं, ते उठून पळायच्या आत जमतील तेवढे फोटो काढायचे आणि मग मागची सुरकुतलेली चादर पुसून तिथे छानसा करडा रंग टाकायचा. घरच्या घरी असा स्टुडिओ हल्ली बरेच जण करतात. चादर पुसायचं काम सॉफ्टवेअर करतं. त्यामागच्या संशोधनाला 'मॅटिंग' म्हणतात आणि त्यातला एक गाजलेला पेपर म्हणजे निंग शू आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा 'डीप इमेज मॅटिंग'. आज तो वाचू या. इमेज प्रोसेसिंग तुमचा विषय नसेल तरी चालेल, कारण मला त्यातल्या न्यूरल नेटवर्कबद्दल फारसं बोलायचं नाही. त्या नेटवर्कला मार्क कशावरून दिले, एवढंच बघायचं आहे.

आधी अडचण समजून घ्या. समजा फोटो ६००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात १.२ मीटर रुंदीचा भाग मावला आहे. म्हणजे एक पिक्सेल ०.२ मिलिमीटरचा. बाळाच्या जावळाचा केस ०.०५ मिलिमीटर जाड धरला तर तो पिक्सेलचा जेमतेम पाव भाग व्यापतो. उरलेला पाऊण भाग चादरीचा. या पाव भागाला 'आल्फा' म्हणतात, इथे तो ०.२५. पिक्सेलचा रंग म्हणजे केसाचा रंग आणि चादरीचा रंग यांचं आल्फाच्या प्रमाणातलं मिश्रण. कॅमेरा आपल्याला तीनच आकडे देतो: लाल, हिरवा, निळा. शोधायचे असतात सात: केसाच्या रंगाचे तीन, चादरीच्या रंगाचे तीन आणि आल्फा. तीन समीकरणं आणि सात अज्ञात, म्हणजे सरळ गणिताने हे सुटणार नाही.

यातून एक सुंदर वाट आहे. १९९६ मध्ये स्मिथ आणि ब्लिन यांनी दाखवलं की तीच वस्तू दोन वेगवेगळ्या, रंग माहीत असलेल्या पार्श्वभूमींसमोर ठेवून दोन फोटो काढले तर समीकरणं सहा होतात आणि अज्ञात चारच उरतात. मग आल्फा चक्क मोजता येतो, अंदाज करावा लागत नाही. २००९ मध्ये रेमान आणि सहकाऱ्यांनी याच युक्तीने एक बेंचमार्क तयार केला. वस्तू मॉनिटरसमोर ठेवायची आणि स्क्रीनवरची पार्श्वभूमी बदलत राहायची. वस्तू कुठल्या, तर खेळणी, झाडाची कुंडी, प्लास्टिकची पिशवी. दोन फोटोंच्या मध्ये काहीही हलता कामा नये, ही अट आहे ना! बाहुली ती पाळते. मूल पाळत नाही. झोपलेलं मूलही नाही. श्वासाने छाती दोन-तीन मिलिमीटर वरखाली होते, म्हणजे आपल्या हिशोबात दहा-पंधरा पिक्सेल. (आणि त्याच्याखालची चादर बदलून बघा, मग कळेल.)

आता २०१७ च्या पेपरकडे येऊ. लेखकांची तक्रार रास्त होती: जुन्या बेंचमार्कमध्ये शिकवण्यासाठी २७ चित्रं आणि परीक्षेला ८, एवढ्यावर डीप नेटवर्क शिकवणार कसं? म्हणून त्यांनी साध्या पार्श्वभूमीवरचे फोटो घेतले, फोटोशॉपमध्ये हाताने आल्फा काढला आणि ती कापलेली आकृती दुसऱ्याच फोटोंवर चिकटवली. शिकवण्यासाठी ४९३ आकृत्या, प्रत्येकी १०० पार्श्वभूमी. परीक्षेसाठी ५० आकृत्या, प्रत्येकी २०, म्हणजे १००० चित्रं.

इथे जरा थांबा. 'हाताने काढलंय म्हणजे उत्तर चुकीचं असेल' असा आक्षेप तुमच्या मनात आला असेल, पण तो टिकत नाही. चिकटवलेलं चित्र त्याच आल्फाने बनलेलं आहे, त्यामुळे त्या चित्रापुरतं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. खरी गोची त्यातच आहे. इथे प्रश्नपत्रिका उत्तरपत्रिकेवरून काढलेली आहे. कारागिराला जे जावळ दिसलं नाही किंवा कंटाळून सोडून द्यावं लागलं, ते उत्तरातून गेलं आणि त्याच क्षणी प्रश्नातूनही गेलं. जो केस सर्वांत अवघड, तोच परीक्षेत येण्याची शक्यता सर्वांत कमी. टेबलातली चूक कमी झाली म्हणजे बाळाचं जावळ नीट कापलं जातं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

रंगाचंही तसंच. चादर गुलाबी असेल तर तिची झाक मुलाच्या गालावर आणि कानामागे पडते. मागे करडा रंग टाकला तरी गाल गुलाबीच राहतो आणि फोटो खोटा दिसतो. पण पेपरमधली चारही मोजमापं फक्त आल्फाची आहेत. गालावर आल्फा एक आहे, नेटवर्कनेही एकच दिला, चूक शून्य! फोटो काढणाऱ्याला जी गोष्ट आधी खटकते तिला टेबलात रकानाच नाही.

आणि त्या १००० आकड्याला भुलू नका. एकाच आकृतीची वीस चित्रं म्हणजे वीस स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकाच झाडाची वीस पानं मोजून कुणी वीस झाडं म्हणत नाही. आकड्यांतली अनिश्चितता काढायची तर माझ्या मते ५० धरूनच काढावी.

लेखकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांनी ३१ खऱ्या फोटोंवरचे निकाल लोकांना जोडीजोडीने दाखवले आणि कुठला जास्त बरोबर वाटतो ते विचारलं. मला पेपरचा हा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. पेपर उद्धृत करताना मात्र बहुतेकांचं लक्ष १००० वाल्या टेबलावरच जातं.

घरच्या स्टुडिओतली सर्वांत त्रासदायक गोष्ट अजून राहिलीच: हलता हात. खिडकीच्या उजेडात शटर १/६० सेकंद ठेवावं लागलं आणि हात सेकंदाला एक मीटर वेगाने हलला तर तेवढ्यात तो १७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे ८० हून जास्त पिक्सेल. त्या पुसट पट्ट्यातला आल्फा खऱ्या मुलावर मोजणं अशक्य. पण बारीक केसांची बाहुली स्टेपर मोटरवर बसवली तर ती दोन्ही वेळा जवळजवळ तशीच हलवता येईल, आणि मग स्मिथ-ब्लिनची युक्ती हलत्या कडेलाही लावता येईल. मागे एकदा गुलाबी चादर, एकदा हिरवी. तुमच्या विभागात एखादी मोटर पडून असेल तर एमएस्सीच्या प्रोजेक्टला एवढं काम भरपूर आहे.