अळी खरंच ‘सरावली’ का?

एरंडोलमध्ये नैसर्गिक निवडीवर बोलायचं तर उदाहरणासाठी गॅलापागोस बेटांपर्यंत जायला नको. कपाशीचं बोंड फोडून पाहिलं तरी पुरे. 2002 साली बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. तिच्यात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडच तयार करतं. 2006 मध्ये दोन प्रथिनांची कपाशी आली. 2010 मध्ये गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही असं जाहीर झालं. 2017 च्या हंगामात तर महाराष्ट्रात दोन प्रथिनांच्या कपाशीतही तिनं धुमाकूळ घातला.

यावर आपण म्हणतो, ‘अळी औषधाला सरावली’, ‘अळी हुशार झाली’. आमचा आक्षेप या क्रियापदांवर आहे. सरावतो तो एकेक जीव, आपल्या हयातीत. माणूस तिखटाला सरावतो तसा. बीटीचं बोंड खाणारी साधी अळी सरावत नाही, मरते. क्वचित एखादी अळी जन्मतःच अशी असते की तिला ते प्रथिन बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती उरली, तिचा वंश वाढला. बदलली ती एक अळी नव्हे, अळ्यांची सगळी वस्ती.

‘बळी तो कान पिळी’ ही म्हणही डार्विनच्या नावावर खपवली जाते. पण उरलेली अळी काही बलवान नव्हती. बिगर-बीटी रानात तिच्या या गुणाला काडीची किंमत नसती.

मग शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला? तर, अळी शिकते असं मानलं की उपाय एकच सुचतो: आणखी जहाल औषध. निवड होते असं मानलं की वेगळा प्रश्न पडतो: साध्या अळ्या कुठे जगतील? बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बी मिळायचं ते याचसाठी. त्या ओळींतले साधे पतंग उरलेल्या प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि त्यांची मिश्र संतती बहुधा बीटीवर मरते. पण ते बी बहुतेकांनी पेरलंच नाही. दोन-तीन एकरवाल्याला अळ्यांसाठी ओळी सोडायला सांगायचं आणि कारण मात्र नीट सांगायचं नाही, यात दोष एकट्या शेतकऱ्याचा कसा? अमेरिकेत बीटी, अशा आश्रय-ओळी आणि नंतर वांझ पतंग सोडणं यांची सांगड घातली गेली. 2018 मध्ये तिथल्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

‘निवड’ हा शब्दही निर्दोष नाही, कारण निसर्गात निवडणारा कोणी बसलेला नाही. पण कपाशीच्या रानात परिस्थिती आपण घडवतो. फरदड ठेवली की उरलेल्या वंशाला डिसेंबरनंतरही आपणच खाऊ घालतो. तेव्हा शाळेच्या वर्गात आणि शेतकरी मेळाव्यात एवढं तरी स्पष्ट सांगू या: अळी शिकत नाही, आपल्या पेरणीतून तिची छाननी होते. उद्या तिसऱ्या प्रथिनाचं बियाणं आलं, तरी हे सांगावंच लागेल.