बेणारेला दिघीला येऊ द्या

जुन्या नाटकाचा नवा प्रयोग. पडदा उघडतो, नेपथ्याला टाळी पडते. मालिकेतला ओळखीचा चेहरा विंगेतून बाहेर येतो, त्याला त्याहून मोठी टाळी पडते. तो क्षणभर थांबून टाळी घेतो आणि मग पहिलं वाक्य म्हणतो. मध्यंतरात वडा खाताना चर्चा एकच: आधीचा बरा होता की हा बरा? नाटककाराला काय म्हणायचं होतं आणि ते आज कोणाला टोचतंय, याबद्दल चकार शब्द नाही. मराठी रंगभूमीवर पुनरुज्जीवनाचा जो हंगाम गेली काही वर्षं चालला आहे, त्याने माझं डोकं उठलंय ते यामुळे. जुनी नाटकं अवश्य व्हावीत. पण ती स्मरणरंजनासाठी विकली जातात आणि आपण ती तशीच विकत घेतो, हे दुखणं आहे.

सुनील बर्वेने ‘हर्बेरियम’मध्ये ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमिदाबाईची कोठी’, ‘झोपी गेलेला जागा झाला’ अशी पाच नाटकं आणली, ती प्रत्येकी २५च प्रयोग करायचे असं ठरवून. त्या मर्यादेत एक शिस्त होती. पुढच्यांनी त्यातली आठवण तेवढी उचलली, मर्यादा सोडून दिली. आता ‘मोजकेच प्रयोग’ हे शब्द जाहिरातीत कायमचे मुक्कामाला आलेत. ‘मोरूची मावशी’ पुन्हा आली, हसवून गेली, विषय संपला. ‘हॅम्लेट’चा डोलारा डोळ्यांत मावेना, राजपुत्र मात्र त्यात हरवला. संगीत नाटकांच्या नव्या प्रयोगांना सरळ मैफल म्हणावं, वाद मिटेल. ‘पुरुष’ आणि ‘सखाराम बाइंडर’ परत आली तेव्हा बोलणं झालं ते गुलाबराव कोण करतोय आणि सखाराम कोण करतोय याचं. अंबिका, लक्ष्मी आणि चंपा यांच्यावाचून ही दोन्ही नाटकं उभीच राहत नाहीत, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

अपवाद आहेत. रत्नाकर मतकरींचं ‘आरण्यक’ २०१८ मध्ये परत आलं, तेव्हा रवी पटवर्धन पुन्हा धृतराष्ट्र झाले, दिलीप प्रभावळकर पुन्हा विदुर झाले आणि प्रतिभा मतकरी पुन्हा गांधारी. तरुणपणी रंगवून म्हातारे झालेले हे नट चार दशकांनंतर खरोखरच त्या वयात पोहोचले होते. युद्ध संपल्यावर वनात गेलेल्या त्या माणसांचा थकवा आता मेकअपचा राहिला नव्हता. तिथे काळ स्वतःच भूमिका करत होता. २०२० मध्ये मतकरी गेले, त्याच वर्षी पटवर्धन गेले. तो प्रयोग आता कोणालाही करता येणार नाही.

दुसरा अपवाद ‘वाडा चिरेबंदी’. चंद्रकांत कुलकर्णींनी १९९४ मध्ये ‘आविष्कार’ या संस्थेसाठी महेश एलकुंचवारांच्या वाडा-त्रयीतली तिन्ही नाटकं सलग नऊ तास केली होती आणि २०१४ मध्ये ते पुन्हा त्याच वाड्यात शिरले. दिग्दर्शकाचं त्या नाटकाशी भांडण अजून मिटलेलं नाही, हे जाणवत राहतं. पण मी हे कोकण किनाऱ्यावरच्या दिघीत बसून लिहितोय, तेव्हा माझा प्रश्न वेगळा आहे. धरणगावच्या देशपांड्यांच्या दारात गंजत पडलेला तो ट्रॅक्टर आमच्या किनाऱ्यावर कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. मुंबईला गेलेले भाऊ, मागे राहिलेली वहिनी, वडिलांच्या तेराव्याला निघालेला वाटणीचा विषय हे सगळं इथे घरोघर आहे. बंदर आलं, रस्ते आले, सातबारे हलले. हे नाटक आज सर्वांत जास्त कुठे लागेल, तर इथे. आणि इथेच ते येणार नाही, कारण वाड्याचा सेट ट्रकातून उतरवायला इथे रंगमंच नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते नाटक: विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली ते केलं, सुलभा देशपांड्यांची बेणारे झाली, पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे. आपण एक गोष्ट मात्र विसरतो. हे नाटक घडतं एका गावातल्या सार्वजनिक हॉलमध्ये. मुंबईच्या एका चाळीतली हौशी मंडळी तिथे अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहेत. त्यांना हॉल दाखवायला गावचा सामंत आला आहे, पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट हातात धरून. आत शिरताना बेणारेचं बोट दाराच्या कडीत चेंगरतं. ती ते हसण्यावारी नेते. नंतर खेळाखेळातला खटला तिच्या अंगावर येतो, ती पर्स उचलून दाराकडे धावते, कडी काढते, आणि दार बाहेरून लागलेलं असतं.

हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात ही कडी मागच्या रांगेला ऐकू जात नाही. प्रेक्षकाला माहीत असतं की दार प्लायवुडचं आहे आणि त्यामागे चहाचा थर्मास घेतलेला बॅकस्टेजवाला उभा आहे. हेच नाटक गावातल्या खऱ्या हॉलमध्ये लावा. भिंतीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी आणि दात्यांच्या नावांची पाटी खरी. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे बसले आहेत त्याच लाकडी खुर्च्या प्रेक्षकालाही. दार एकच, आणि त्याची कडी खरी. ती अडकली की आपणही आत अडकलो. ही माणसं एका बाईला घेरतायत आणि मी चार हातांवर बसून बघतोय, ही शरम मोठ्या नाट्यगृहात वाट्याला येत नाही; तिथे अंधार आपल्याला वाचवतो. शेवटी सगळे निघून जातात आणि सामंत तो पोपट तिच्याजवळ ठेवतो. गावचा माणूस प्रेक्षकात असेल तर त्याला कळेल की तेंडुलकरांनी त्याच्यासाठीही एक जागा राखून ठेवली होती.

हे स्वप्नरंजन नाही. मराठी प्रायोगिक रंगभूमीची सर्वांत सकस वर्षं एका शाळेच्या सभागृहात गेली. १९७४ मध्ये ‘आविष्कार’ दादरच्या छबिलदास शाळेत गेलं. तिथे अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ प्रेक्षकांच्या मधोमध खेळवलं. वातानुकूलन नव्हतं, खाली रस्त्यावर भाजीबाजाराचा गोंगाट होता, आणि तरी आजचे अर्धे ज्येष्ठ तिथून आले. पुण्याचा सुदर्शन रंगमंच आजही त्याच जातकुळीतला. तरुण मुलांनी आळेकरांचं ‘महापूर’ पुन्हा काढलं, तेव्हा त्यांच्यापाशी ना स्टार होता ना स्मरणरंजन. त्यांच्या जन्माआधीचं ते नाटक त्यांनी कालच लिहून आल्यासारखं वाचलं. पुनरुज्जीवन म्हणतात ते हे.

आमच्याकडे मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी एखादं मोठं नाट्यगृह बांधायचं आणि सांस्कृतिक कार्य संपलं म्हणायचं, ही रीत. दिघीहून जंगलजेटीने, म्हणजे फेरीबोटीने, आगरदांडा, तिथून मुरूड, पुढे सुमारे ५० किलोमीटरवर अलिबाग. प्रयोग रात्री सुटणार, तोवर जंगलजेटीचा शेवटचा फेरा गेलेला. जून २०२२ मध्ये अलिबागचं पीएनपी नाट्यगृह आगीत गेलं, तेव्हा या किनाऱ्याचं व्यावसायिक नाटक एका रात्रीत बेघर झालं. आणि मग कोणीतरी म्हणतं, ग्रामीण भागात नाटकाला प्रेक्षक नाही! कोकणातले चाकरमानी कामावरून सुटून परळ-लालबागच्या खोल्यांत तालमी करायचे, दामोदर हॉलला प्रयोग लावायचे, भाड्याची ड्रेपरी आणि मुंबईची नटी घेऊन तेच नाटक गावी पूजेला न्यायचे. पहाटेपर्यंत अख्खं गाव बसायचं. ते १९२२ चं ‘दामोदर’ नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. झाडीपट्टीत तर आजही रात्रभर नाटक चालतं. प्रेक्षक आहे. खोली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने देशात १२ औद्योगिक नगरं मंजूर केली, त्यांत दिघी आहे. रस्ते, पाणी, वीज, गोदामं सगळं आराखड्यात येईल. त्यात दीडशे माणसं बसतील अशी एक खोली येऊ द्या: सपाट जमीन, हलवता येणाऱ्या खुर्च्या, बारा दिवे, नीट लागणारं एक दार. हजार खुर्च्यांचं नाट्यगृह देऊ नका. ते वर्षभर कुलपात राहील आणि निवडणुकीत सभेला उघडेल.

आणि पुनरुज्जीवनवाल्यांनो, खोली होईपर्यंत थांबू नका. सेट मुंबईत ठेवून या. कोर्टाला लागणारं टेबल, स्टूल आणि खुर्च्या प्रत्येक शाळेत आहेत. जेवणाची आणि मुक्कामाची सोय गाव करील. नावाजलेला चेहरा नसला तरी चालेल. फक्त जाहिरातीत ‘मोजकेच प्रयोग’ लिहू नका. आमच्याकडे एकही झालेला नाही.