तीन शब्दांची शाळा

छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. साताऱ्याच्या या शाळेचे नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पहिले दोन शब्द झूल घातलेल्या हत्तीसारखे डौलात येतात आणि तिसऱ्या शब्दाला एकदम खडूचा वास. हा सांधा ओबडधोबड आहे, आणि मला तोच आवडतो.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज स्वतः एका अर्थी विद्यार्थीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन ग्रँटच्या देखरेखीखाली कारभार शिकले, १८२२ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. रोजनिशी लिहिण्याची शिस्त त्यांना होती. पण १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून कंपनी सरकारने त्यांना गादीवरून उतरवले आणि काशीला धाडले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, तिथे वर्षानुवर्षे उंबरे झिजवत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले. पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले, आणि १८५१ मध्ये नव्या धन्यांनी साताऱ्यात इंग्रजी शाळा काढली. ती दीर्घकाळ भरली कुठे, तर छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यात!

दरबाराच्या दालनांत मुले इंग्रजी स्पेलिंगे घोकू लागली. ज्या सत्तेने राजाला हद्दपार केले, तिनेच काढलेल्या शाळेला पुढे त्याच राजाचे नाव लागले. याला सूड म्हणणे भडक होईल. राजा उशिरा घरी परतला, एवढेच म्हणावे. म्हणून इथे ‘छत्रपती’ हा शब्द नुसता शोभेचा वाटत नाही. काढून घेतलेली पदवी तो परत करतो.

सांगलीत उलटा प्रकार. विलिंग्डन महाविद्यालय १९१९चे, नाव मुंबईच्या गव्हर्नराचे, आणि ते टिकले. पण सांगलीकरांच्या जिभेवर ‘विलिंग्डन’ इतके घोळले आहे की त्यातला लाटसाहेब केव्हाच निघून गेला. साताऱ्याच्या नावातला माणूस मात्र अजून जागेवर आहे.

त्या नावाखाली आणखी एक नाव आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या रजिस्टरात इंग्रजी पहिलीच्या एका मुलाची नोंद झाली: भिवा रामजी आंबेडकर. तेव्हा ही नुसती सरकारी शाळा होती, प्रतापसिंहांचे नाव तिला लागायचे होते. राजवाड्याच्या शाळेत शिरलेल्या त्या पोराच्या प्रवेशाचा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.