क्रमवारी नेमके काय मोजते?

एखादे गाणे 'पहिल्या क्रमांकावर' आहे असे ऐकले की कोणीतरी लोकांची आवड मोजूनच ते ठरवले असणार, असे आपण धरून चालतो. बिनाका गीतमालेच्या पायदानांवर वाढलेल्या पिढीला तर ही सवयच लागली. पण मोजण्याची रीत बदलली की लोकप्रिय काय तेही बदलते. अमेरिकेतील 'बिलबोर्ड हॉट १००' या साप्ताहिक यादीचा इतिहास त्याची साक्ष देतो.

४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालेली ही यादी पहिली तीसेक वर्षे दुकानदारांच्या आणि रेडिओ केंद्रांच्या सांगण्यावर तयार होत असे. सांगणाऱ्याला खूश ठेवले की क्रमांक सुधारतो, हे कंपन्यांना ठाऊक होते. रेडिओ निवेदकांना चारल्या जाणाऱ्या पैशांची चौकशी अमेरिकी काँग्रेसने केली आणि १९६० मध्ये असे छुपे व्यवहार कायद्याने गुन्हा ठरले. १९९१ मध्ये बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री नोंदवणारी 'साउंडस्कॅन' पद्धत आली, आणि रॅप व कंट्री संगीत एकदम वर दिसू लागले. लोकांची आवड रातोरात बदलली नव्हती. सांगणाऱ्यांच्या आवडीनिवडीआड ती झाकली गेली होती.

कंपन्यांनी नव्या व्यवस्थेतही वाट काढली. सुटे गाणे विक्रीला नसेल तर यादीत प्रवेश नाही, असा नियम होता. तरीही संपूर्ण अल्बम खपावा म्हणून कंपन्या सुटे गाणे बाजारात आणतच नसत. 'नो डाउट'चे 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिले होते, पण त्या काळात हॉट १०० मध्ये ते आलेच नाही. डिसेंबर १९९८ मध्ये हा नियम बदलावा लागला.

स्ट्रीमिंगने तर मोजायची गोष्टच बदलली. तबकडीची विक्री एकदाच मोजली जाई. मग ती शंभरदा वाजो की कपाटात पडून राहो. आता प्रत्येक ऐकणे मोजले जाते. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की नोंद होते. श्रोता मन लावून ऐकत होता की भांडी घासत होता, याच्याशी हिशेबाला देणेघेणे नाही. पूर्वी निवड मोजली जाई, आता सवय मोजली जाते. म्हणूनच मरायाह कॅरीचे १९९४ मधले नाताळगीत डिसेंबर २०१९ मध्ये प्रथमच पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एप्रिल १९६४ मध्ये बीटल्सनी पहिल्या पाचही जागा घेतल्या, तो चमत्कार मानला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टने पहिल्या दहाही जागा घेतल्या. नवा अल्बम लाखो लोक सलग ऐकतात आणि त्यातले प्रत्येक गाणे वेगळे मोजले जाते. ब्रिटनमध्ये मार्च २०१७ मध्ये एड शीरनची १६ गाणी पहिल्या विसांत आली, तेव्हा तिथल्या यादीने एका मुख्य कलावंताला तीन गाण्यांची मर्यादा घातली. अमेरिकेने घातली नाही. ऐकणे सारखेच, निकाल मात्र दोन.

सवय घडवतो कोण, हा पुढचा प्रश्न. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तिन्ही मोठ्या कंपन्या स्पॉटिफायच्या सुरुवातीच्या भागधारकांत होत्या. २०१८ मध्ये ड्रेकचा अल्बम आला तेव्हा त्याची छायाचित्रे स्पॉटिफायच्या कितीतरी प्लेलिस्टवर झळकली आणि वर्गणी भरणारे काही श्रोते चिडले. २०२० पासून तिथे आणखी एक सोय आहे: मानधन कमी घ्यायला राजी असाल, तर तुमचे गाणे शिफारशींत अधिक पुढे येऊ शकते. कमी घेणे परवडते कोणाला, हे सांगायला नको.

याला अपवाद म्हणून 'ओल्ड टाउन रोड'चे नाव घेतले जाते. लिल नॅस एक्सने ते २०१८ अखेर स्वतःच प्रसिद्ध केले, टिकटॉकने पसरवले, आणि २०१९ मध्ये ते १९ आठवडे पहिले राहिले. पण तिथे पोहोचण्यापूर्वीच सोनीच्या कोलंबियाने त्याला करारबद्ध केले होते. बाहेरचा माणूस दारापर्यंत येऊ शकतो. दार उघडल्यावर यजमान तेच असतात.

मोजणी पूर्वीपेक्षा चोख झाली आहे, हे मान्य करायलाच हवे. गडबड आता मोजण्याच्या आधी होते, गाणे कानाशी आणून ठेवले जाते तिथे. रेडिओच्या काळात पैसे घेऊन गाणे वाजवले तर तसे जाहीर करणे कायद्याने भाग पाडले. प्लेलिस्ट ऐकणाऱ्यालाही तेवढे कळण्याचा हक्क आहे.