स्वामी रामानंद तीर्थ : शिक्षकाचा संन्यास

राष्ट्रपुरुषांच्या विचारांचे विवेचन करताना शिक्षण, धर्म, राजकारण व नीती अशी चार दालने पाडण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या बाबतीतही हेच घडले. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, भूमपासून उमरग्यापर्यंत जी व्याख्याने होतात त्यांत हा क्रम सहसा मोडत नाही, आणि प्रत्येक दालनात गौरवपर असे थोडे थोडे ठेवून वक्ते मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या विभागणीमुळे स्वामीजींच्या विचारातील मुख्य ताणच दृष्टिआड होतो. या चार गोष्टी त्यांच्या ठिकाणी वेगळ्या नव्हत्या, आणि त्या एकमेकींशी सुखाने नांदत होत्या असेही नव्हे.

व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. शालेय शिक्षण सोलापुरास. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य निवर्तले, तेव्हा या विद्यार्थ्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. पुढे टिळक महाराष्ट्र विद्यापीठातील अध्ययन व ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीतील उमेदवारी झाली, आणि मग ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. १९२१ मध्ये स्थापन झालेली ही शाळा आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. भूम पश्चिमेच्या टोकाला. दोन्ही गावे निजामी मुलखातील, आणि दोहोंपासून इंग्रजी अमलातील सोलापूर जिल्हा फारसा दूर नाही. ही भौगोलिक गोष्ट किरकोळ वाटेल, पण स्वामीजींचे शिक्षणविषयक कार्य तिच्यावाचून समजत नाही. ज्या राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि साध्या सभेलाही सरकारी परवानगी लागे, तेथे मराठीतून चालणारी खाजगी शाळा हीच एक राजकीय संस्था ठरत असे. तेथे सभेचे काम वर्ग करीत होता.

याच काळात त्यांनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेत संन्यासदीक्षा घेतली. येथे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. रामतीर्थ हे लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि मग भगवी वस्त्रे धारण केली. रामानंद तीर्थांनी मात्र भगवी वस्त्रे धारण करूनही शाळा सोडली नाही. हिप्परग्यानंतर ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले आणि तेथेही अध्यापनच केले. ज्या संन्यासात हजेरीपट आणि वेळापत्रक राहते, त्याला परंपरेच्या दृष्टीने काय म्हणावे, हे शास्त्र्यांनी ठरवावे. आपल्याला एवढेच दिसते की त्यांच्या लेखी संन्यास म्हणजे खाजगी आयुष्याचा त्याग होता. सार्वजनिक आयुष्याचा नव्हे.

परंतु वस्त्राला स्वतःचा एक अर्थ असतो, आणि तो धारण करणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसतो. बहुसंख्य प्रजा हिंदू व राजा मुसलमान असलेल्या संस्थानात भगव्या वस्त्रातील नेता हा कोणाचा नेता? निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर जातीयतेचा आरोप ठेवून स्थापनेपूर्वीच, १९३८ मध्ये, बंदी घातली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. लोकांच्या मनात या तिन्हींची सरमिसळ होऊ लागली, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने डिसेंबरात आपला लढा स्थगित केला. स्वामीजी त्या वेळी कारागृहात होते. पुष्कळ अनुयायांना हा निर्णय रुचला नाही, आणि आजही काही लेखक त्यास माघार म्हणतात. आमच्या मते धर्म व राजकारण यांच्या मर्यादेविषयी या चळवळीने केलेले सर्वांत स्पष्ट विधान तेच आहे, आणि ते भाषणातून नव्हे तर कृतीतून केलेले आहे.

नीतिविचाराची खरी कसोटी मात्र पुढे, १९४७-४८ मध्ये लागली. रझाकारांचे अत्याचार वाढले, आणि सीमेलगतच्या भारतीय हद्दीत, विशेषतः सोलापूर जिल्ह्यात, सशस्त्र शिबिरे उभी राहिली. स्वामीजी या काळात बहुतांशी कारागृहात असले तरी या मार्गास त्यांची संमती होती. सत्याग्रही संन्याशाने शस्त्रास संमती द्यावी, ही विसंगती चरित्रकार घाईने ओलांडून जातात. ती ओलांडू नये. सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईनंतर जी हत्या झाली तिच्या चौकशीसाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती आली. तिने सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादची गणना केली आणि संस्थानातील बळींचा सावध अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. हे बळी मुख्यतः मुसलमान होते. हा अहवाल लोकांना वाचावयास मिळाला तो २०१३ मध्ये. त्यातील दोष स्वामीजींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण आपल्या जिल्ह्यात त्यांच्या नीतीचे विवेचन करणाऱ्याने रझाकारांचा अध्याय वाचावा आणि त्यापुढचा गाळावा, हेही तितकेच अन्यायाचे आहे.

त्यांचे आठवणींचे पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीतून निघाले. मराठी शाळेच्या या मुख्याध्यापकाने इंग्रजीत लिहावे याचे नवल वाटावयास नको. हैदराबादच्या लढ्यात तेलंगण आणि कर्नाटकही होते, आणि स्वामीजी स्वतः त्या तिन्ही भाषांच्या सीमेवरचे. ज्या राज्याच्या मुक्ततेसाठी ते झगडले त्याचेच भाषावार विभाजन व्हावे, असा आग्रह त्यांनी धरला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य नकाशावरून नाहीसे झाले. सत्तेचे पद त्यांना मिळाले नाही. मात्र त्यापूर्वीच, १९५० मध्ये, नांदेडला त्यांच्या पुढाकाराने संस्था निघून पीपल्स कॉलेज सुरू झाले होते. लढा संपल्यावर हा संन्यासी पुन्हा वर्गाकडेच वळला होता.