पंख फुटलेली मोटार

शब्दालंकार आणि अर्थालंकार असे अलंकारांचे दोन वर्ग आपण शाळेत घोकले. मोटारीच्या डिकीवर बसवलेला पंख यांतल्या कोणत्या वर्गात घालावा, याचा निकाल कुणी समीक्षकाने लावल्याचे ऐकिवात नाही. आमच्या भाच्याने नागऱ्यात अशी एक कृती नुकतीच प्रकाशित केल्यामुळे ते काम माझ्याकडे आले आहे.

मूळ कृती अभिजात, यात वाद नाही. १९६६ साली अमेरिकेच्या जिम हॉलने आपल्या चॅपरल २ई या शर्यतीच्या गाडीवर उंच खांब रोवून पंख उभारला. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान डोक्यावर आलं, की त्याचा पंख मनातल्या मनात पालथा घालून बघा. विमानाचा उचलतो, हा दाबतो. गाडीचं वजन न वाढता चाकं वळणावर रस्ता धरून राहतात. १९६९ साली स्पेनमधल्या शर्यतीत असे पंख मोडून दोन गाड्या आदळल्या आणि उंच पंखांवर त्याच वर्षी बंदी आली. तिथे पंखाला अर्थ होता, म्हणून तर मोडल्यावर अनर्थ झाला!

आता नागऱ्याची आवृत्ती. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने चढतो आणि त्याच हिशेबाने उतरतो. समजा, ताशी २०० किलोमीटरला एखादा पंख ५० किलोचा दाब देतो. भाचा गोंदियाला जातो ४० ने. वेग पाचवा हिस्सा, तर दाब पंचविसावा, म्हणजे दोन किलो. धानाच्या जिल्ह्यात दोन किलोसाठी एवढा खटाटोप? डिकीत तेवढा तांदूळ ठेवला तर परिणाम तोच, शिवाय संध्याकाळी भात होतो. महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या गर्दीतून गाडी पाचच्या वेगाने सरकते, तेव्हा तर हा दाब मूठभर अक्षतांएवढा.

छपराच्या मागच्या कडेचे दाते ही कृतीची पुरवणी. पत्र्यालगतची सुस्त हवा मागच्या काचेच्या उतारावर पत्रा सोडते आणि तिथली पोकळी गाडीला मागे ओढते. दाते हवेत भोवरे उठवतात, वरची जलद हवा खाली आणतात, मग हवा उतार धरून राहते. मित्सुबिशीच्या अभियंत्यांनी २००४ साली जागा आणि उंची नेमकी साधून मोजलं, तर अडथळ्याचा गुणांक घटला ०.००६ ने. भाच्याने हेच दाते सामानाच्या कॅरियरमागे चिकटवलेत. कॅरियरने आधीच घुसळलेल्या हवेला ते काय नवीन शिकवणार?

एवढ्यावर परीक्षण संपलं असतं. पण माझी नजर खाली गेली. टायर गुळगुळीत!

"अरे, आधी हे बदलायचे ना?"

"मामाजी, टायर कुणाला दिसतात?"

खरंच, कुणालाच नाही. पण पंख दाबणार ते टायरलाच. टायरनेच रस्ता धरला नाही, तर दाबून करायचं काय? खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की ती १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला असं समजावं. या टायरवर आता उंचवटेही शोधावे लागतात. पावसाळ्यात त्याच गाडीत त्याची आई, म्हणजे माझी बहीण, बसणार आहे.

तेव्हा निकाल असा : पंख हा शब्दालंकार. राहू द्यावा, तरुण वयात थोडा अनुप्रास चालतो. अर्थ मात्र टायरमध्ये असतो, आणि तो मृगाच्या आधी भरावा.