गार्डनर डोझ्वाचे पस्तीस ठोकळे

सायफायची वार्षिक 'बेस्ट ऑफ' संकलनं मी घ्यायला लागले ती निव्वळ हिशेबाने. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एका सुट्या कादंबरीच्या पैशांत दुप्पट कागद मिळायचा. गार्डनर डोझ्वाने संपादित केलेल्या 'द इयर्स बेस्ट सायन्स फिक्शन'चा कुठलाही खंड बघा. सहाशे-सातशे पानं, बारीक टाइप, वीस-पंचवीस तरी कथा. आडवं पडून वाचताना डुलकी लागली तर थेट नाकावर आपटतो. १९८४ ते २०१८ असे ३५ खंड त्याने काढले. माझ्याकडे १९ आहेत आणि घरात ते ठोकळे याच नावाने ओळखले जातात.

सगळे जमवायचे म्हटलं तर गोची आहे. पहिले तीन खंड ब्लूजे नावाच्या छोट्या प्रकाशनाने काढले. पुढे सेंट मार्टिन्सने मालिका उचलली, त्यामुळे ते तीन सहजी दिसत नाहीत. शिवाय हाच ऐवज ब्रिटनमध्ये 'मॅमथ बुक ऑफ बेस्ट न्यू एसएफ' नावाने निघायचा. मुखपृष्ठ वेगळं, क्रमांकही वेगळा, आत कथा त्याच! जुनी पुस्तकं ऑनलाइन मागवत असाल तर आधी अनुक्रमणिकेचा फोटो मागा.

पण या ठोकळ्यांची खरी गंमत कळायला नावातला 'बेस्ट' बाजूला ठेवून 'इयर' धरून वाचावं लागतं.

शेजारी दुसरी एक मालिका ठेवली की फरक लगेच दिसतो. आयझॅक आसिमोव्ह आणि मार्टिन ग्रीनबर्ग यांनी 'द ग्रेट एसएफ स्टोरीज'चे २५ खंड काढले. तेही वर्षवारच, पण १९३९ सालच्या निवडक कथांचा पहिला खंड आला १९७९ मध्ये. म्हणजे निकाल लागल्यावर चाळीस वर्षांनी पेपर तपासणं. कोण मोठं झालं, कोण विसरलं गेलं, हे माहीत असताना केलेली ही निवड क्वचितच फसते. वाचायला ती मालिका मजेदारही आहे: प्रस्तावनेत महायुद्धाच्या बातम्या 'वास्तवाबाहेरच्या जगातल्या' आणि सायफायमधल्या घडामोडी 'खऱ्या जगातल्या'! तरीही सलग तीन-चार खंड वाचले की हॉल ऑफ फेममध्ये फिरल्यासारखं होतं. सगळं पुसूनपासून ठेवलेलं.

डोझ्वाला हे सुख नव्हतं. वर्ष संपलं की काही महिन्यांत खंड बाजारात. त्याच्या सोळाव्या खंडात टेड चँगची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' आहे. आज ती 'अरायव्हल'ची मूळ कथा म्हणून आपण भक्तिभावाने उघडतो. १९९९ मधल्या त्या पुस्तकात ती गर्दीतली एक आहे, आसपास आज कुणी नाव न काढणाऱ्या कथा. त्या गर्दीतच तिचं वेगळेपण मला जास्त जाणवलं. त्या वर्षी बाकीचे काय लिहीत होते आणि हा माणूस काय करत होता, हे एकाच जिल्दीत दिसतं.

पुढे-मागे जोडलेलं सामानही महत्त्वाचं. सुरुवातीला वर्षाचा लांबलचक आढावा: कुठलं मासिक बंद पडलं, कुणाचा खप घसरला, कोण लेखक गेले. शेवटी 'ऑनरेबल मेन्शन्स', म्हणजे पुस्तकात न बसलेल्या कथांची बारीक टाइपातली पानंच्या पानं यादी. ती बघितली की या माणसाने केवढं वाचलं होतं याचा अंदाज येतो.

त्याच्या निवडीबद्दल माझी तक्रार आहे. तो २००४ पर्यंत 'आसिमोव्ह्ज' मासिकाचा संपादक होता आणि स्वतःच्या मासिकातल्या कथांना त्याच्या खंडांत भरपूर जागा मिळाली. त्याची सायफायची हद्दही बरीच आखीव होती. त्याच्याआधी, १९५६ ते १९६८ या काळात वार्षिक संकलनं काढणारी ज्युडिथ मेरिल याबाबतीत कितीतरी बेधडक. तिने बोर्हेसलाही आत घेतलं. शेवटी विज्ञानकथा कशाला म्हणायचं हाच प्रश्न तिच्या संकलनात उरला. अशी पुस्तकं डोझ्वाच्या ठोकळ्यांइतकी भरवशाची नाहीत, पण वाचताना झोप येत नाही.

आपल्याला टोचावा असा नमुना म्हणजे इयान मॅकडोनल्डची 'द जिन्स वाइफ'. दिल्लीतली कथक नर्तकी आणि तिच्याशी लग्न करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. पार्श्वभूमीला फाळणी झालेल्या भारतातल्या राज्यांचा पाण्यावरून पेटलेला संघर्ष. लेखक बेलफास्टचा, संपादक अमेरिकन. पाण्याचं राजकारण मला पटलं, ते वाचताना आपल्याकडच्या धरणांची भांडणं आठवतात. नर्तकी मात्र पर्यटन खात्याच्या पोस्टरवरून उतरल्यासारखी वाटते. हाही त्या वर्षाचा दस्तऐवजच: २००६ साली इंग्रजी सायफायला भारत कसा हवा होता, याचा.

आणि मराठी विज्ञानकथेला तेव्हा काय हवं होतं? हे शोधायचं तर एकेक दिवाळी अंक उघडावा लागतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' पाठवली, हा किस्सा आपण सगळे सांगतो. त्या वर्षी आणखी कुणी काय लिहिलं, हे कोण सांगणार? बाळ फोंडके यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी 'इट हॅपन्ड टुमारो' हे भारतीय विज्ञानकथांचं इंग्रजी संकलन केलं. काम मोलाचं, पण एकदाच झालेलं. एकदाच निघणारं संकलन प्रातिनिधिक व्हायच्या धडपडीत असतं, त्यात सगळ्यांना मान द्यावा लागतो. दरवर्षी निघणाऱ्याला चुकायची मुभा असते, पुढच्या वर्षी दुरुस्ती करता येते. पस्तीस वर्षं अशी चुकत-सुधारत चाललेली मालिका आपल्या विज्ञानकथेच्या वाट्याला आली नाही. नामवंतांच्या कथा संग्रहांत आल्या; एक-दोनच लिहून थांबलेल्यांच्या बऱ्याचशा रद्दीत गेल्या.

आता सगळं फोनवर आहे, चाळणी कशाला, असं कुणी म्हणेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या मासिकाला एआयने लिहिलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ नव्या कथा स्वीकारणंच बंद ठेवावं लागलं. त्याचा संपादक नील क्लार्क २०१६ पासून स्वतःही वार्षिक संकलनं काढत आलाय. डोझ्वा मे २०१८ मध्ये गेला, त्याचा ३५वा खंड त्यानंतर जुलैत आला.

मराठीत लगेच सातशे पानांचा ठोकळा कुणी काढावा अशी माझी अपेक्षा नाही. कागदाचे भाव मलाही कळतात. यंदाचे दिवाळी अंक नेटाने वाचून, विज्ञानकथांची नुसती यादी कुणी दिली, अंकाचं नाव आणि पान क्रमांकासकट, तरी पुरे. टाइप बारीक असला तरी चालेल.